विचारू नकोस म्हणणारी ओळ

आमच्या ह्यांना इस्पितळात सगळे मास्तर म्हणत. ह्यांनी शाळेत एक दिवसही शिकवलेलं नाही. पण कोणी कॉम्प्युटरची तक्रार घेऊन आलं की हे त्याला आधी खुर्चीवर बसवायचे आणि शांतपणे विचारायचे, "शेवटचं काय केलंस?" त्यावर भलेभले डॉक्टरसुद्धा गृहपाठ विसरलेल्या पोरासारखे खाली बघायला लागत. त्यावरून मास्तर. मला ते नाव कधीच आवडलं नाही, कारण घरीही हे तसेच. गॅसवर दूध उतू गेलं, मी फडकं शोधत धावते आहे, आणि हे दारात उभे राहून विचारणार, "शेवटचं काय केलंस?" लग्नाच्या पहिल्या वर्षी मी एकदा त्यावर उत्तर दिलं होतं, "तुमच्याशी लग्न केलं." तेव्हापासून निदान दुधाच्या बाबतीत तो प्रश्न बंद झाला.

ह्यांची खोली इस्पितळाच्या तळघरात होती. खिडकी नाही, सर्व्हर तापू नयेत म्हणून बारा महिने थंडगार हवा, आणि मशीनच्या पंख्यांचा न थांबणारा आवाज. बाहेर माणसं घामाघूम होत असताना हे स्वेटर घालून कामाला निघायचे आणि शेजारीपाजारी चोरून हसायचे. त्या खोलीतल्या लाकडी खुर्चीचा एक हात सैल होता. तो ह्यांनी कधी दुरुस्त केला नाही. "बसणाऱ्यानं सावध बसावं," म्हणायचे.

काम काय, ते मला समजायला बराच काळ गेला. इस्पितळातल्या कुठल्या सर्व्हरवर कुठला प्रोग्राम ठेवायचा, कुठला नवा करायचा, कुठला काढून टाकायचा, हे सगळं ह्यांच्याकडे. त्यात माउसनं टिचक्या मारणं नाही, रंगीत चित्रं नाहीत. काळी स्क्रीन, पांढरी अक्षरं. आदेश टाइप करायचा, एंटर दाबायचं. प्रोग्रामची ही ने-आण करण्यासाठीच एक वेगळा प्रोग्राम असतो, त्याला हे कोठीवाला म्हणत. कोठीत काय आहे, काय नाही, आणि कोण कोणाच्या आधारावर उभं आहे, हे सगळं त्याला तोंडपाठ. एखादा प्रोग्राम काढायला सांगितला की त्याच्यावर टेकून असलेले दुसरेही पडणार, हे तो ओळखतो. म्हणून आधी यादी दाखवतो, की बाबा रे, ह्याच्याबरोबर हे एवढे सगळे जातील, आणि मग विचारतो, करू का? होसाठी वाय, नाहीसाठी एन. उत्तर मिळेपर्यंत तो जागचा हलत नाही.

आता ह्या कोठीवाल्याला प्रत्येक आदेशाबरोबर बारीकसारीक सूचना द्याव्या लागतात. त्या दर वेळी कोण लिहीत बसणार? त्यासाठी प्रत्येकाच्या खात्यात एक छोटी फाइल असते. तिच्यात सूचना एकदाच लिहून ठेवल्या की कोठीवाला न सांगता तसंच वागतो. त्याला डिफॉल्ट म्हणतात. "म्हणजे मी चहात साखर घालतेच, कोणी नको म्हटलं तरच घालत नाही, तसं?" मी विचारलं होतं. "अगदी तसं," हे म्हणाले, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी परीक्षेत पहिली आले.

ती फाइल म्हणजे ह्यांचा जीव होता. एकेक ओळ जपून लिहिलेली, आणि ती का लिहिली त्याचं कारण शेजारी. रंगीत अक्षरं नकोत, कारण डोळे भलतीकडे जातात. जुन्या प्रती लगेच टाकून द्यायच्या नाहीत, कारण परत यायची वेळ येते. एका वेळी फार काही उतरवून घ्यायचं नाही, कारण वॉर्डातली लाइन अडते. नवा सर्व्हर आला की हे पहिल्यांदा ती फाइल त्यावर नेऊन ठेवत, घरी नवीन भाडेकरूनं आधी पाणी भरावं तसं. आणि खरं सांगायचं तर घरही त्याच पद्धतीनं चालायचं. किल्ल्या कुठल्या खिळ्याला, छत्री कुठल्या कोपऱ्यात, पलंगाच्या कुठल्या बाजूला कोण, हे सगळं एकदाच ठरलं आणि पुन्हा त्यावर बोलणं झालं नाही. मी कुरकुरायचे. पण अंधारात हात घातला तर हवी ती वस्तू हाताला लागायची, हेही खरं.

त्या फाइलमधली एक ओळ मात्र कारणाशिवाय लिहिलेली होती.

झालं होतं असं, की बऱ्याच वर्षांपूर्वी सगळ्या सर्व्हरवरच्या एका प्रोग्राममध्ये मोठं भोक सापडलं होतं. बाहेरचा कोणीही आत शिरू शकेल असं. ह्यांच्या मदतीला तेव्हा कोणीच नव्हतं. एकामागून एक मशीन घ्यायचं आणि नवा प्रोग्राम बसवायचा. कोठीवाला आपला प्रत्येक वेळी विचारतोय, करू का, करू का. हे वैतागले. फाइलमध्ये ओळ लिहिली: विचारू नकोस, उत्तर हो आहे असं समज. काम उरकलं. मग एकेका मशीनवरून ती ओळ काढून टाकली. रक्तपेढीच्या मशीनवर ह्यांच्या खात्यात ती राहिली, आणि आमच्या घरच्या कॉम्प्युटरवरही.

राहिली ते ह्यांना कळलं कसं नाही, असं कोणीही विचारेल. मीही विचारलं, आणि चांगल्या चढ्या आवाजात विचारलं. तर ह्यांची सवय अशी, की काहीही करण्याआधी कोठीवाल्याला 'नुसतं दाखव, करू नकोस' असा वेगळा आदेश द्यायचा. त्यात सगळं तपासायचं, आणि मगच खरा आदेश. कोठीवाल्याच्या प्रश्नाची ह्यांना कधी गरजच पडली नाही. तो विचारतोय की नाही, हे ह्यांच्या लक्षातही येईना. स्वतःच्या सवयीवर इतका भरवसा माणसानं ठेवू नये, असं मी तेव्हा म्हटलं. आजही म्हणते.

मग तळघरात ती पोरगी आली. ह्यांची निवृत्ती जवळ आली होती, तेव्हा हाताखाली कोणीतरी तयार असावं म्हणून घेतलेली. उंच, केस बारीक कापलेले, मनगटावर वडिलांचं जुनं मोठं घड्याळ. ते सारखं खाली घसरायचं आणि ती सारखं वर करायची. नोकरी अजून पक्की झालेली नव्हती. घरी ती आणि आई, दोघीच. एकदा ह्यांनी तिला घरी जेवायला आणलं, तर ती उभ्याउभ्याच जेवायला लागली. मी म्हटलं, "अगं, बस की." तर म्हणाली, "काकू, बसलं की झोप येते." मला ती आवडली. ह्यांना तर फारच आवडली. ह्यांच्या तोंडून कोणाचं कौतुक निघणं म्हणजे अवघड काम, पण त्या दिवशी ती गेल्यावर म्हणाले, "हिला यादी वाचायची सवय आहे." त्याहून मोठं प्रमाणपत्र ह्यांच्याकडे नव्हतं.

यादी वाचायचं ह्यांनीच तिला शिकवलं होतं. काही काढायचं झालं तर घाई करू नकोस, कोठीवाला यादी दाखवेल, ती शेवटपर्यंत वाच, नको ते नाव दिसलं तर नाही म्हण. नाही म्हणण्यात कमीपणा नाही. हे वाक्य ते तिला दिवसातून कितीतरी वेळा ऐकवायचे. तिच्या स्वतःच्या खात्यात कोठीवाला विचारत होताच, त्यामुळे तिला ते पटलंही होतं.

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन ज्या दिवशी होतं, त्या दिवशी ह्यांनी रजा घेतली. रक्तपेढीच्या मशीनवर तिचं खातं अजून उघडलेलं नव्हतं. अडलंच काही तर असू दे, म्हणून आदल्या दिवशी हे तिला म्हणाले, "माझ्या खात्यातून बस." पासवर्ड सांगितला. हे नियमात बसत नव्हतं, पण तळघरात नियम ह्यांचेच चालत.

सकाळी रक्तपेढीतून फोन आला, की पिशव्यांवर लावायच्या चिठ्ठ्या छापल्या जात नाहीत. छपाईचा जुना प्रोग्राम आणि नवा प्रोग्राम एकमेकांच्या पायात पाय घालत होते. जुना काढता येईल का, त्याच्यावर कोण टेकून आहे, ते बघू, असा पोरीनं विचार केला. काढायचा आदेश दिला. यादी सरसर वर आली, आणि क्षणभर थांबली. यादीत रक्ताच्या साठ्याचा मुख्य प्रोग्राम होता. कुठल्या गटाची पिशवी कुठल्या फ्रीजमध्ये, कोणासाठी राखून ठेवलेली, हे सगळं त्याच्यावर चालायचं. ते नाव वाचून ती दचकली आणि तिनं नाही म्हणून एन दाबलं. पण मशीन थांबलं होतं ते प्रश्न विचारण्यासाठी नव्हे, तर पुढच्या कामाची तयारी करण्यासाठी. तिच्या डोळ्यांदेखत सगळं एकामागून एक निघून गेलं.

त्याच वेळी वरच्या मजल्यावर एका म्हाताऱ्याचं पोट उघडलेलं होतं. त्याला रक्त लागलं. स्क्रीनवर काही दिसेना. मग रक्तपेढीतल्या बायांनी फ्रीज उघडून एकेक पिशवी हातानं शोधली, ताडून पाहिली, वर नेली. ते होईपर्यंत म्हातारा गेला. तो तसाही वाचणं कठीण होतं, असं पुढे सर्जन म्हणाला. पण कठीण म्हणजे अशक्य नव्हे, असंही तोच म्हणाला.

मी तेव्हा डोळ्याच्या दवाखान्यात दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून बसले होते. ह्यांचा फोन वाजला. मला ह्यांचा चेहरा दिसत नव्हता, नुसता आवाज ऐकू येत होता. "शेवटचं काय केलंस?" हे म्हणाले, नेहमीसारखंच. पलीकडचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कुठल्या खात्यातून?" आणि त्यानंतर ह्यांच्या तोंडून जो श्वास निघाला तो मी ओळखला. सासरे गेल्याचा निरोप आला, तेव्हाही हे असेच श्वास सोडून खाली बसले होते. मला सोबत आलेल्या शेजारणीच्या हवाली करून हे तसेच इस्पितळात धावले.

आता ह्यांनी जे केलं ते कॉम्प्युटरवालाच करू जाणे. चूक कोणाची, हे ह्यांना फोनवरच कळलं होतं. एखाद्या वकिलानं, निदान एखाद्या शहाण्या माणसानं, आधी ती फाइल कोणाला तरी दाखवली असती, की बघा, ही ओळ माझी. ह्यांच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट, की वर आणखी माणसं टेबलावर आहेत. ह्यांनी ते मशीन पार कोरं केलं, पहिल्यापासून उभं केलं, साठ्याची माहिती परत आणून बसवली, आणि डिफॉल्टची फाइल नव्यानं लिहिली. ती एक ओळ सोडून. पुन्हा कोणाच्या हातून तसं होऊ नये म्हणून. संध्याकाळपर्यंत रक्तपेढी चालू झाली आणि ह्यांच्या चुकीचा एकमेव पुरावा ह्यांच्याच हातानं पुसला गेला.

घरी येऊन ह्यांनी मला सगळं सांगितलं. मी सरळ म्हटलं, "गप्प बसा. निवृत्ती तोंडावर आलीय. पोरगी तरुण आहे, तिला दुसरी नोकरी मिळेल." मला तसं वाटत होतं म्हणून म्हटलं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ह्यांनी पट्टीखालून वाहणारा माझा डोळा रुमालानं टिपला आणि म्हणाले, "उद्या सांगतो त्यांना."

दुसऱ्या दिवशी हे अधीक्षकांकडे गेले. चौकशी समिती बसली तेव्हा तिच्यापुढेही गेले. ओळ मी लिहिली होती, मशीननं तिला विचारलंच नसणार, चूक माझी, असं सांगितलं. आणि तिथे ह्यांच्यावर अशी वेळ आली की मला आजही आठवलं की संताप येतो. त्यांनी ह्यांचं खरं मानलं नाही! इतकी वर्षं ह्यांनी कोणावर आवाज चढवला नाही, कोणाचं नाव पुढे केलं नाही, तेच ह्यांना भोवलं. अधीक्षक उठून ह्यांच्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला, आणि म्हणाले, "मास्तर, तुमचं मन मोठं आहे. पण पोरीला वाचवण्यासाठी स्वतःवर घेऊ नका."

"मी स्वतःवर घेत नाही. ते माझंच आहे," हे म्हणाले.

"मग दाखवा ती ओळ."

"मी काढली."

समितीतल्या एका बाईंनी चष्म्यावरून बघितलं. ह्यांनी सांगितलं, की घरच्या कॉम्प्युटरवर तीच फाइल आहे, त्यात ती ओळ अजून आहे. त्यावर त्या म्हणाल्या, "घरचं मशीन घरचं. ती तुम्ही काल रात्री लिहिली नसेल कशावरून?" त्यात त्यांचंही काही चुकलं नाही. दुसऱ्याचा पासवर्ड वापरू दिला, एवढाच दोष त्यांनी मानला, आणि त्याबद्दल ह्यांना समज दिली. पोरगी मात्र गेली. त्यांच्या लेखी आदेश देणारी ती, हो म्हणणारी ती. नोकरी पक्की व्हायच्या आधीच संपली.

समितीपुढे तिनंही फार काही सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा म्हणाली, "मी वाय नाही दाबलं." मग सगळ्यांनी समजावलं, की घाईत बोट घसरतं, माणसाला वाटतं एक आणि हात करतो दुसरं. मशीन काय खोटं बोलणार? शेवटी तिलाही ते पटलं. ह्यांनी तिला गाठून खरं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "काका, माझ्यासाठी असं बोलू नका. मला त्यानं जास्त वाईट वाटतं." आणि निघून गेली.

त्यानंतर हे रोज कामाला जात होते, पण मास्तर राहिले नव्हते. कोणी तक्रार घेऊन आलं तर मुकाट्यानं दुरुस्त करून देत. शेवटचं काय केलंस, हे विचारणं बंद झालं. एकदा बाजारात तिची आई भेटली. पोरगी खोलीबाहेर येत नाही म्हणाली. कॉम्प्युटर कपाटात ठेवून दिलाय, नीट जेवत नाही, झोपत नाही, आणि मधूनच म्हणते, त्या म्हाताऱ्याला कोण कोण होतं गं घरी? मी घरी येऊन ह्यांना ते सांगितलं. हे भाजी निवडत बसले होते. तसेच उठले, हातसुद्धा न धुता फोन केला, आणि तिच्या आईला म्हणाले, "तिला एकदा माझ्या घरी पाठवा. फक्त एकदा. नाही आली तर मी येईन, आणि येतच राहीन."

ती आली रविवारी दुपारी. वाळलेली, डोळे खोल गेलेले. घड्याळ कोपरापर्यंत घसरत होतं. ह्यांनी जेवणाच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरचा टॉवेल काढला आणि खुर्ची ओढून तिला म्हणाले, "बस."

"काका, मला हात लावायचा नाही त्याला."

"एकच आदेश. चित्रं बघायचा प्रोग्राम आहे, तो काढ. त्याच्यावर बरंच काही टेकलंय. माझं बुद्धिबळसुद्धा. तू त्या दिवशी केलंस तसंच कर. यादी आली की नाही म्हण."

"आणि?"

"आणि काही नाही. तसंच कर."

ती बसली. मी ओट्यापाशी चहाचं बघत होते, पण माझे कान आणि बरा झालेला डोळा तिकडेच. तिनं हळूहळू टाइप केलं, प्रत्येक अक्षर जड असल्यासारखं. एंटर. यादी वर सरकली. क्षणभर थांबली. मी तिचं बोट बघितलं. ते एनवर गेलं, तिथेच गेलं. एंटर. आणि मशीन पुढे चालायला लागलं. आमच्या लग्नाचे, मुलाच्या बारशाचे फोटो बघायचा प्रोग्राम गेला, ह्यांचं बुद्धिबळ गेलं, आणखी काय काय गेलं.

"बघितलंस?" हे म्हणाले. "विचारलंच नाही त्यानं. त्या दिवशी हेच झालं. फाइलमध्ये मी लिहिलेलं होतं."

पण तिचं ह्यांच्याकडे लक्ष नव्हतं. ती स्क्रीनच्या अगदी जवळ गेली होती. सगळं संपल्यावर तळाला एक ओळ उमटली होती. एन: असा कुठला आदेश सापडत नाही, अशा अर्थाची. मला त्यातलं काही कळलं नाही. ह्यांनीही ती आधी बघितली नव्हती, कारण हे कधी त्या प्रश्नाची वाट बघत बसलेच नव्हते.

"ही ओळ," ती म्हणाली. "काका, ही ओळ तेव्हाही आली होती."

"कुठली?"

"ही. सगळं गेल्यावर खाली ही आली होती. मी बघितली होती. मला वाटलं, घाबरून मीच काहीतरी टाइप केलं असेल. कोणाला सांगितलं नाही मी. तुम्हालाही नाही."

हे खाली वाकले. मग ह्यांनी मला सांगितलं, की कोठीवाल्यानं प्रश्न विचारला असता तर ते उत्तर त्यानंच घेतलं असतं. त्यानं विचारलंच नाही, म्हणून ते अक्षर तसंच लोंबकळत राहिलं, आणि काम संपल्यावर मशीननं ते उचलून बघितलं, की हे काय बुवा, हा कुठला आदेश? वाय असता तर ओळीत वाय दिसला असता. एन होता.

"मी नाही म्हटलं होतं," पोरगी म्हणाली. आधी अगदी हळू. मग खुर्ची मागे सारून उभी राहिली. "मी यादी वाचली होती. मी नाही म्हटलं होतं!"

"हो," हे म्हणाले.

"आणि तुम्ही सगळ्यांनी मला सांगितलंत की माझं बोट घसरलं. मीसुद्धा स्वतःला तेच सांगत होते. रोज. बोटाकडे बघायचे मी, काका! ह्या बोटाकडे!" तिनं ते बोट ह्यांच्या तोंडासमोर धरलं. "यादी वाच, थांब, नाही म्हण. एवढं शिकवलंत. आणि स्वतः लिहून ठेवलं होतंत, विचारू नकोस?"

"हो. चुकलं माझं."

"चुकलं?" ती ओरडली. "चुकलं काय? नुसतं चुकलं?"

माझ्याच्यानं राहवेना. "अगं, वयानं मोठे आहेत, जरा..." असं मी म्हणायला लागले, तर ह्यांनी माझ्याकडे न बघताच हात वर केला. इतक्या वर्षांत ह्यांनी मला असं कधी थांबवलं नव्हतं.

ती रडली, पण बसून नाही, उभ्याउभ्याच. मग तोंड पुसून म्हणाली, "तो माणूस वाचला असता का?"

"माहीत नाही. डॉक्टरांनाही माहीत नाही."

"मला रोज वाटायचं, वाचला असता."

"मला माहीत आहे."

"मग आता ते तुमच्याकडे राहू द्या," ती म्हणाली. "मी नाही घेणार परत."

"म्हणूनच बोलावलं तुला," हे म्हणाले.

ती चहा न घेताच गेली. दारात तिनं मला नमस्कार केला नाही, ह्यांच्याकडे वळूनही बघितलं नाही. मला तिचा राग आला. ह्यांनी स्वतःचं नाव, इतक्या वर्षांची इज्जत, सगळं पुढे केलं, आणि ही पोरगी तोंड फिरवून गेली, असं वाटलं. मी ते बोलूनही दाखवलं. हे टेबलाशी बसून होते. म्हणाले, "तिनं रागावायलाच हवं होतं. ती रागावत नव्हती, तीच तर काळजी होती." आणि मग त्या फाइलमधली ती ओळ ह्यांनी काढली. बाकीच्या ओळींकडे बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या आईचा फोन आला. मीच घेतला. बाई हसत होती की रडत होती, कळेना. "काय सांगितलंत हो तिला?" म्हणाली. "आल्यापासून तुमच्या ह्यांना शिव्या घालतेय. घरभर फिरतेय आणि शिव्या घालतेय. पण ताटातलं सगळं जेवली. पुन्हा मागून घेतलं. आणि झोपली ती अजून उठलेली नाही."

मी ह्यांना जसंच्या तसं सांगितलं, शिव्यांसकट.

"जेवली?" हे म्हणाले.

"जेवली."

"सगळं?"

"पुन्हा मागून घेतलं म्हणतेय आई."

ह्यांनी मान हलवली. डोळे भरून आले होते, पण चेहरा शांत होता. मी पानं वाढली. हे बसले, अर्धं जेवले, आणि ताट हातानं हळूच पुढे सरकवलं. मी आग्रह केला. म्हणाले, "राहू दे, नाही जात." आज त्याला बरीच वर्षं झाली, हे निवृत्त होऊन घरी बसले, पण मी अजून रोज ह्यांच्या ताटातलं उरलेलं काढून ठेवते.